घर सुपारीचं, बिऱ्हाडकरू मसाले

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घरी सासूबाईंची यादी निघते. जुन्या डायरीतलं एक पान, कडा तेलकट झालेल्या, आणि त्यावर वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याचा हिशेब. वरती मिरच्या, ब्याडगी किती न् संकेश्वरी किती. मग धने, तीळ, खोबरं. आणि तळाला बारीक अक्षरात खडा मसाला: लवंग, मिरी, दालचिनी, जायपत्री, रामपत्री, नागकेशर, दगडफूल. सत्तावीस वर्षं ही यादी घेऊन मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बाजाराला जाते आहे. यंदा लेकीनं फोनवर विचारलं, "आई, रामपत्री म्हणजे कशाचं पान गं?" आम्ही सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिलो. ते पान नव्हे, एवढंच आम्हाला ठाऊक!

माझी मामेबहीण गोव्यात फोंड्याला दिलेली. तिच्या चुलतसासऱ्यांचं, म्हणजे काकांचं, सावई-वेऱ्याला कुळागर आहे, डोंगरउतारावरची बागायत. गेली दहा वर्षं ताई म्हणतेय, "समुद्र बघायला येता आणि आमच्यावरून निघून जाता. एकदा डोंगराकडचा गोवा बघा की." ती ओळ यादीतल्या रामपत्रीला जोडली गेली आणि आम्ही निघालो. मी, नवरा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी होती, त्यांना मात्र अजिबात नव्हती.

पहिला दिवस: केरी, पण दुसरीच

कोल्हापूरहून बेळगाव, तिथून जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ला घाट. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला बंगालच्या उपसागराची वाट धरते आणि तिथून थोडं पुढं गेलं की सगळं पाणी म्हादईकडं, पश्चिमेला वळतं. नवऱ्यानं हे दोन वेळा सांगितलं. दुसऱ्या वेळी सासूबाई झोपल्या होत्या.

ताईनं बजावलं होतं, "आधी थेट केरीला या. तिथली मसाल्याची बाग बघू आणि संध्याकाळी घरी जाऊ." नवऱ्यानं मोबाईलवर 'केरी' टाकलं. घाट उतरला, झाडी दाट झाली आणि मोबाईलमधली बाई म्हणाली, आपण पोचलात. समोर अंजुणे धरण. बाग नाही, पाटी नाही, ताई तर नाहीच.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. त्यानं आमच्या नंबरप्लेटकडं बघून शांतपणे सांगितलं, "गोव्यात तीन केरी आहेत. ही सत्तरीची. तुम्हाला पाहिजे ती फोंड्याची. तिसरी पेडण्याची, समुद्रावरची. तिकडं गेला नाही ते बरं झालं." चहा चांगला होता. ताईला फोन केला तर ती इतकी हसली की शेवटी भावोजींनी फोन घेऊन रस्ता सांगितला. होंडा, उसगाव, खांडेपार करत फोंड्याला पोचेपर्यंत दिवस मावळला आणि त्या दिवसाची बाग बुडाली.

रात्री बांगड्याचं हुमण होतं, तिरफळ घातलेलं. तिरफळ वाटणात घालत नाहीत. हलकं ठेचून आमटीत सोडतात आणि खाताना बाजूला काढतात. आमच्या माणसाला हे कोण सांगणार? त्यानं एक अख्खं चावलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेवर मुंग्या, मग जीभच नाही. दहा मिनिटं तो "थ" आणि "त" यांच्या मधलंच काहीतरी बोलत होता. सासूबाईंनी ते उष्टं तिरफळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याचं बी टाकतात होय? वरची सालच तेवढी?" ताई म्हणाली, हो, बी कडवट. यादीवाल्या बाईचा अभ्यास सुरू झाला होता.

दुसरा दिवस: फोंड्याची केरी

सकाळी आधी मंगेशीला गेलो. देऊळ सगळ्यांनी पाहिलेलंच असतं, त्यावर लिहीत बसत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. हा देव मूळचा कुठ्ठाळीचा. तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं म्हणून १५६० मध्ये तो नदी ओलांडून इकडं प्रियोळला आणला, कारण फोंडा महाल, म्हणजे अंत्रुज, तेव्हा त्यांच्या हातात नव्हता.

मग केरीची बाग. पर्यटकांसाठी सजवलेली. दारात झेंडूची माळ, कपाळाला टिळा, गवती चहाचा पेला. आमच्या पुढं एक मोठी रशियन बस उतरली होती आणि त्यांना वेगळा गाईड. आमच्या वाट्याला आलेला मुलगा कॉलेजात शिकणारा, मराठी झकास. गावच्या जत्रेतल्या नाटकात काम करतो म्हणाला, आणि ते कळत होतं. प्रत्येक झाडापाशी थांबायचा, पान चुरगाळून नाकाशी धरायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "ओळखा!"

पहिलं पान सासूबाईंनी हुंगलं. "दालचिनी." बरोबर. इकडं त्या पानांना तिखी म्हणतात आणि मसाल्यात घालतात. दुसरं पान, "हळद." बरोबर. तिसऱ्याला त्या अडल्या. वास लवंगेचा, दालचिनीचा, जायफळाचा, सगळ्यांचा एकदम. "हे लबाडी करतंय," त्या म्हणाल्या. ते ऑलस्पाइस होतं, दूर अमेरिकेकडचं झाड.

खरी गंमत वेलदोड्यापाशी झाली. झाड आल्यासारखं, पुरुषभर उंच. सासूबाई शेंड्याकडं वेलदोडे शोधत होत्या. पोरानं त्यांना खाली वाकायला सांगितलं. बुडातून, अगदी मातीला टेकून, आडवे फुटवे निघालेले आणि फुलं-फळं धरतात ती त्यांच्यावर. "अगं बाई, जमिनीवर लोळतोय होय हा? आणि आम्ही ह्याला देवाच्या प्रसादात घालतो!" सुनेला हसू आवरेना, पण इतकी वर्षं मीही वरच बघितलं असतं.

व्हॅनिलाच्या वेलीला तेव्हा नुकती फुलं लागली होती, फिकट पोपटी. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं, पुन्हा उमलत नाही. मूळ मेक्सिकोचं. तिकडच्या ज्या मधमाश्या परागीकरण करतात त्या इथं नाहीत, म्हणून हे काम माणसानं करायचं. गाईडनं माडाच्या झावळीची एक हीर काढली. फुलाची खालची पाकळी डाव्या हाताच्या बोटांनी फाडून मोकळी केली. आत पराग वर, त्याला घेणारी जागा खाली आणि दोघांच्या मध्ये पातळ पडदा. हिरेच्या टोकानं तो पडदा वर उचलला, अंगठ्यानं परागाचा पिवळा गोळा हळूच खाली दाबला. झालं. दोन-तीन सेकंदांचं काम. "मी इथला भटजी," पोरगा म्हणाला, "रोज सकाळी लग्नं लावतो." मग शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने, आणि त्यानंतरही तिला गरम पाण्यातून काढून, घाम आणून, महिनोन् महिने सुकवल्याशिवाय वास येत नाही. हिरव्या शेंगेला काहीच वास नसतो.

ही युक्ती शोधली कुणी, हे मात्र त्यानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं. तोवर मोठमोठ्या बागवाल्यांना जमलेलं नव्हतं. जगात आज जिथं जिथं व्हॅनिला हातानं फळते, तिथं त्या पोराची पद्धत चालते.

मिरवेलीपाशी मात्र माझं आणि गाईडचं जरा वाजलं. तो म्हणाला, "ह्या मिऱ्यासाठीच पोर्तुगीज इथं आले!" टाळ्यांचं वाक्य होतं, पण सकाळचा मंगेश माझ्या डोक्यात होता. वास्को द गामा १४९८ मध्ये उतरला तो कालिकतला. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला तो तिसवाडीचा, म्हणजे पणजीकडचा. फोंडा त्यांच्या ताब्यात आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे अडीचशे वर्षांनी. तोवर गोव्याच्या धक्क्यावरून लिस्बनला जाणारं मिरं बहुतेक मलबारचं. इथलं मिरं असेल तर पाहुण्यासारखं. पोरगा मनमोकळा. म्हणाला, "मॅडम, खरं आहे, पण तसं सांगितलं तर कोण फोटो काढणार?" उलट बाजूची गोष्ट तो सांगत नाही, याचं मला जास्त वाटलं. मिरची, काजू, अननस, पपई हे सगळं अमेरिकेतून आलं ते पोर्तुगिजांच्या जहाजांतून. आमच्या कोल्हापुरी तिखटाचा पाया गोव्याच्या बंदरात उतरला म्हणायला हरकत नाही. काणकोणच्या खोला मिरचीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

रामपत्रीचं विचारलं. "ते तमालपत्रच, मोठ्या पानाचं," असं त्यानं ठोकून दिलं. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. नापास!

जेवण केळीच्या पानावर, बरं होतं. निघताना एक विधी असतो. ओळीनं उभं करतात, मान खाली घालायला सांगतात आणि पळीभर गार पाणी, गवती चहाचा वास असलेलं, मानेवरून पाठीत ओततात. रशियन बायका किंचाळल्या. सासूबाईही किंचाळल्या आणि मग म्हणाल्या, "आणखी एक घाल रे."

बाहेरच्या काउंटरवर गुडघेदुखीचं तेल, केसाचं तेल, वजन उतरवणारी पूड, सगळं मांडलेलं. ज्या झाडाचं पान सकाळी फक्त वासाचं होतं ते इथं औषध झालेलं. मी मोह आवरून मिऱ्याचं एक पाकीट घेतलं. घरी ताईनं ते बघितलं, काही न बोलता वाटीभर पाण्यात मूठभर टाकलं. निम्मी मिरी वर तरंगली. "पोचट," ती म्हणाली. "भरलेलं मिरं बुडतं. उद्या काकांकडचं बघ."

तिसरा दिवस: सावई-वेरे

हा दिवस लिहिण्यासाठीच बाकीचं लिहिलं.

फोंड्यापासून सावई-वेरे लांब नाही, पण शेवटच्या वळणांनंतर हवा बदलते. वर चिऱ्याचं उघडं, तापलेलं पठार, त्यावर काजूची वेडीवाकडी झाडं. आणि रस्ता खाली उतरला की एकदम हिरवा अंधार. गावातलं अनंताचं देऊळ आधी बघितलं. काळ्या दगडातली शेषशायी मूर्ती, आत गारवा. मग काकांचं घर. "येवा, येवा," करत काका पडवीतून उठले. वय ऐंशीच्या पुढं, पंचा आणि बनियन, मांडीवर सकाळचं मराठी वर्तमानपत्र. काकींनी आधी पाणी आणि गूळ दिला, मग विचारपूस.

"काका, तुमची मसाल्याची बाग दाखवा," मी म्हणाले.

"मसाल्याची बाग नाही आमची," काका म्हणाले. "सुपारीचं कुळागर आहे. घर सुपारीचं. मसाले आमचे बिऱ्हाडकरू."

आणि मग दोन तास हेच एक वाक्य त्यांनी पायी फिरवून दाखवलं.

कुळागर दोन डोंगरांच्या बेचक्यात, उतारावर. सगळ्यात वर झरा. तिथून चिऱ्याच्या बांधीव पाटानं पाणी खाली येतं आणि पाटाला फांद्या फुटत फुटत ते प्रत्येक पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, आळ्यात पोचतं. आता बऱ्याच भागात पाईप आणि तुषार सिंचन आलंय, पण वरच्या तुकड्यात काका अजून फावड्यानं माती ओढून एक तोंड बंद करतात, दुसरं उघडतात. हे करताना ते बोलत नव्हते. पाणी वळून पुढच्या आळ्यात शिरलं, कोरडी पानं तरंगत पुढं गेली, आळं भरलं, मग पुन्हा फावडं. "झरा आटला तर कुळागर संपलं," एवढंच म्हणाले. "वरचा डोंगर कापला की झरा आटतो. हे सांगायला शाळा लागत नाही."

वर बघितलं तर मजले दिसतात. सगळ्यात उंच माड आणि पोफळी. पोफळींच्या खोडावर मिरवेल चढलेले. त्यांच्या खाली फणस, जायफळ, भिरंडीची म्हणजे कोकमाची झाडं. त्याखाली केळी. आणि पायाशी अननस, हळद, आलं, अळू, मधेच वेलदोडा. ऊन वरच्यानं खाऊन उरलेलं खालच्याला. मिऱ्याला सावलीही लागते आणि खांबही लागतो, पोफळ दोन्ही देते. भाडं म्हणून काय देतो बिऱ्हाडकरू? काकांचा हिशेब तयार होता. नारळ दर दोन-अडीच महिन्यांनी उतरतो, त्यावर घर चालतं. केळी येत-जात असतात. सुपारी हिवाळ्यात, ती वर्षाची मोठी रक्कम, बागायतदार सोसायटीत जाते. मिरं वर्षातून एकदा, लग्नकार्याला. जायफळ मुख्यतः पावसात, जेव्हा दुसरं काहीच हातात नसतं. "एकट्या मिऱ्यावर राहिलो असतो तर केव्हाच विकून मुंबईला गेलो असतो."

कालच्या बागेत सुपारीपाशी आम्ही पाचच मिनिटं थांबलो होतो, आणि तेही माणूस झाडावरून झाडावर कसा झेपावतो ते बघायला. इथंही ते बघितलं, पण तमाशा म्हणून नव्हे. पाडेली, म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणारा, पायात दोरीचं वेटोळं अडकवून सरसर वर गेला. शेवटच्या तोडणीचे घोस होते. एक उतरवला आणि मग खाली न येता तो झाड हलवू लागला. पुढं-मागं, पुढं-मागं, पोफळ वेतासारखी वाकली, शेजारच्या झाडाचा शेंडा हाताशी आला, तो धरला, पाय टाकला आणि पहिली पोफळ सपकन सरळ झाली. अशी सात-आठ झाडं. सासूबाईंनी पदर तोंडावर धरला होता. तो खाली आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "जेवलास का बाळा?" तो हसला. पन्नाशीचा होता. काका नंतर म्हणाले की तालुक्यात आता असे मोजकेच राहिलेत आणि त्यांची मुलं झाडावर चढत नाहीत. "चढू नयेतच," असंही म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मग माझी सुपारी कोण काढणार?"

तक्रारी बऱ्याच होत्या. माकडं कोवळे नारळ पाडतात. गवे रात्री उतरून केळी तुडवतात. पावसात कोळरोग येतो आणि कोवळी सुपारी कुजून गळते. त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं, तेही भर पावसाआधी, पुन्हा प्रत्येक झाडावर चढून. ऐकताना मला उगाच आमच्या लक्ष्मीपुरीतली मी आठवत होते, दुकानदाराशी शंभर ग्रॅममागं दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी.

खळ्यावर सुपारी वाळत घातलेली, असोलीच, सालासकट. नारिंगीवरून तपकिरी होत चाललेली. पस्तीस-चाळीस दिवस ऊन लागतं. शेजारी सुंभाच्या चटयांवर मिरं. इथं माझा सगळ्यात चांगला तास गेला. एका टोपलीत आज खुडलेले हिरवे घड, एखाद-दुसरा दाणा लाल झालेला. एक दाणा जरी लाल दिसला तरी घड खुडायला झाला, काकी म्हणाल्या. मग ते घड पायाखाली हलके मळायचे, दाणे सुटतात. हे काकींच्या सुनेनं करून दाखवलं, गोणपाटावर, अनवाणी, फुगडी घालावी तशा पायांनी. मग दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून चटईवर. मी बसल्या जागी तीन चटया शेजारी शेजारी होत्या. पहिली आजची, बाटलीहिरवी. दुसरी कालची, चॉकलेटी आणि ओलसर. तिसरी चार दिवसांची, काळी, सुरकुतलेली, हातात घेतली तर खळखळणारी. तीन किलो हिरव्याचं एक किलो काळं. आणि पांढरं मिरं वेगळं झाड नव्हे, हेही तिथंच कळलं. पूर्ण पिकलेला लाल दाणा भिजवून त्याची साल काढली की आतलं ते पांढरं.

ताईनं लगेच वाटीत पाणी मागवलं. मूठभर मिरी टाकली. टपाटप तळाला. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही.

जेवायला खतखतें होतं. सुरण, कणंगं, मुळा, नीरफणस, कच्ची केळी, तूरडाळ, ओलं खोबरं आणि तिरफळ. या वेळी नवऱ्यानं ताटाच्या कडेला तिरफळांची रांग लावली, हिशेबाला बसल्यासारखी. सोबत सोलकढी, शेवटी गोड म्हणून केळ्याचा हलवा. सासूबाईंना काकींनी परसात नेऊन तिरफळाचं झाड दाखवलं. खोडावर बुंध्यापासून जाड, टोकदार काटे. "एवढा काटा कशाला रे देवा," त्या म्हणाल्या, "तुला कोण खाणार होतं?" मग नवऱ्याकडं बघून, "हां."

जेवणानंतर पडवीत मी रामपत्रीची गोष्ट काढली. काका उठले, आतून एक जायफळ घेऊन आले, फळासकट. जर्दाळूसारखं पिवळं, मधोमध उकललेलं. आत काळंभोर चकचकीत बी आणि त्यावर लालबुंद जाळी घट्ट बसलेली, कुणी लाखेनं विणल्यासारखी. ती अलगद सोडवून त्यांनी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. "ही जायपत्री." सासूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला लाल बघत होत्या. वाळली की ती आपल्या डब्यातल्या रंगाची होते. कवटी फोडली की आत जायफळ. "आणि तुमची रामपत्री म्हणजे ह्याच्या रानटी भावाची पत्री. रानजायफळाची. वास कमी, रंग काळसर, भाव स्वस्त. ते झाड बागेत नसतं, रानातलं आहे. बघायचं तर परत जाताना सत्तरीत वाट वाकडी करा."

जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत कुठलं काय कळत नाही. सहा-सात वर्षं पोसायचं आणि मग नर निघाला तर? दहा माद्यांना एक नर पुरे. "म्हणून आता कलमंच लावतो," काका म्हणाले. "पूर्वी माझ्या वडिलांनी आठ नर वाढवले होते. आठही जण छान उंच झाले, कामाचा एक." काकी आतून ओरडल्या, "तुमच्या भावांसारखेच की!" पडवी हसली.

निघताना काकींनी पाव किलो मिरं, हळदीच्या दोन गड्ड्या आणि कवटीसकट चार जायफळं दिली. "अजून ओली आहेत. खिडकीत ठेव. कानाशी धरून हलव. आत खुळखुळली की फोड. त्याआधी फोडशील तर आकसतील." पैसे द्यायचा विषय काढला तर त्या माझ्यावर खरोखर रागावल्या.

चौथा दिवस: बांबर, आणि परत

सत्तरीत बांबर नावाचं छोटं गाव आहे. तिथं निरंकाराची राय. देवाचं रान, कुणी कुऱ्हाड लावत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्यांना बरोबर घेतलं. चपला बाहेर काढायच्या आणि आतलं काहीही, पानसुद्धा, उचलायचं नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

आत पाय ठेवला आणि पाय गार झाले. खाली पाण्याचा पाझर, काळा चिखल, उन्हाळा तोंडावर असूनही ओला. झाडं सरळसोट उंच, आणि त्या चिखलातून जागोजाग मुळं वर आलेली. बाहेर येऊन वाकून पुन्हा आत गेलेली, माणसाच्या दुमडलेल्या गुडघ्यासारखी. पाणथळीत मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती अशी डोकं वर काढतात. ही जायफळाच्या कुळातली रानझाडं. अशा दलदली सह्याद्रीत आता फार थोड्या उरल्यात. ही राहिली, कारण इथं देव बसवलेला आहे.

सासूबाईंना मी वेशीपाशी बसवणार होते. त्या काठी टेकत आत आल्या. एका गुडघ्याएवढ्या मुळापाशी थांबल्या, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्याला दुखत नसावं," म्हणाल्या. मग खाली पडलेल्या एका वाळक्या फळाकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. फाटलेली साल, आत काळपट जाळीचा तुकडा. हात लावला नाही. म्हाताऱ्यांना विचारलं, "हे लोक गोळा करून विकतात का?" ते म्हणाले, "रानात इतरत्र करतात. इथलं नाही. इथलं देवाचं."

चोर्ला चढताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. नवऱ्यानं मलप्रभेचं पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर यादी निघाली, थोडी बदललेली. मिऱ्यापुढं सासूबाईंनी 'सावई' असं लिहिलंय. रामपत्रीच्या ओळीवर त्यांनी पेन्सिल टेकवली, काही लिहिलं नाही, नंतर पेन्सिल उचलून ठेवली. लेकीला फोनवर रामपत्री समजावली ती त्यांनीच, हातवारे करून, जे तिला दिसत नव्हते.

चार जायफळं स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की सासूबाई एकेक कानाशी धरून हलवतात. होळीच्या आदल्या दिवशी, पुरणाची डाळ शिजत असताना, त्यांनी मला हाक मारली आणि एक माझ्या कानाला लावलं. आत टकटक वाजलं. बाकीची तीन अजून गप्प आहेत.